चुकीच्या छत्रीमागे

"मिटू नका. मिटू नका म्हणतेय ना!"

"मी कुठं मिटतेय, तेच मिटतात," धाकटी म्हणाली.

नर्सनं अंगठ्यानं पापणी वर ओढली आणि थेंब टाकलाच. मिरची नव्हे, पण मिरचीची सख्खी मावशी डोळ्यात शिरल्यासारखं झालं. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून तिची थोरली जाऊ उभी होती. ती पुढं वाकून म्हणाली, "आमच्याकडे एकीच्या डोळ्यात असलेच थेंब घातले होते सिस्टर, तर तिला भिंतीपलीकडचं दिसायला लागलं. शेजाऱ्यांनी शेवटी घर विकलं."

"यांना भिंतसुद्धा नीट दिसणार नाही," नर्स म्हणाली. दिवसभरात असल्या थोरल्या जावा तिला पुष्कळ भेटत असाव्यात. "संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसेल, उजेड टोचेल, पाणी वाहत राहील. चोळायचं नाही. आता आतल्या पडद्याचे फोटो काढून घेऊ. मॅडम दुपारी सांगतील."

"काय सांगतील?"

"ते मॅडमच सांगतील."

फोटो काढून झाले. यंत्रातला उजेड असा लख्ख होता की धाकटीला वाटलं, आता आत जे काही लपवलंय ते सगळं यांना दिसणार, भीतीसकट. मग तिला एक भलामोठा काळा चष्मा देऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. समोर एक पांढरा डाग हलत होता, तो माणूस होता की पडदा, तिला सांगता आलं नसतं.

धाकटी रफूचं काम करायची. धुलाईच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीशी, तिचं सगळं आयुष्य गेलेलं. कुणाच्या कोटाला सिगरेटनं भोक पडायचं, कुणाचं स्वेटर खिळ्याला अडकायचं. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायची आणि भोकावर उभे-आडवे असे गुंतवायची की गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून म्हणायचं, "अहो, हा माझा नाहीच, माझा फाटलेला होता." थोरली तर जगभर सांगत सुटायची की आमच्या धाकटीनं एका साहेबाचा कोट इतक्या वेळा रफू केला की मूळचा कोट उरलाच नाही; साहेब रिटायर झाला तो नुसता रफू घालून.

गेल्या काही महिन्यांत मात्र सरळ धागा मधेच वाकायला लागला होता. धाकटीनं आधी कापडाला दोष दिला, मग बल्बला, मग चष्मेवाल्याला. दुकानाचा मालक म्हणाला, "बाई, हल्ली मालच वाईट येतो." ती पण हो म्हणाली. मग एक दिवस तिला दाराची चौकट मधे वाकलेली दिसली. चौकट काही कुणी रातोरात वाकवत नाही. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मोठ्या शहरात जा. उशीर नको." तेव्हापासून दुसरं काही तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. सुई गेली तर उरलं काय? जेवायचं, झोपायचं, आणि थोरलीच्या थापा ऐकायच्या.

घरात होत्या दोघीच. दोघी सख्ख्या भावांच्या बायका, दोघेही भाऊ गेलेले. खोल्या दोन, चूल एक, भांडण रोजचं.

"चल, ऊठ," थोरली म्हणाली. "दुपारपर्यंत इथं बसून भुतं होतील आपली."

"कुठं?"

"समोरच. रस्ता ओलांडला की इथलं सगळ्यात जुनं कबरस्तान आहे. लोक लांबलांबून बघायला येतात."

"अहो जाऊबाई! दवाखान्यातून सरळ तिकडं?"

"लोक तसेच जातात," थोरली म्हणाली.

धाकटीनं कपाळाला हात लावला. हे थोरलीचं जुनं वेड. नवऱ्याची बदलीची नोकरी होती, तेव्हा गावोगाव फिरली. बाकीच्या बायका नव्या शहरात आधी बाजार शोधायच्या, ही आधी जुनं कबरस्तान. म्हणायची, जिवंत माणसं रोज नवं खोटं बोलतात. इथं निदान एकदाच कोरलेलं असतं, त्यात बदल नाही. आणि प्रत्येक ठिकाणाहून एकेक गोष्ट उचलून आणायची. खरी किती, ते त्या दगडालाच ठाऊक.

रस्ता ओलांडताना धाकटीचा जीव मुठीत. सगळ्या गाड्या म्हणजे आवाज आणि चकाकणारे डाग. थोरलीनं तिचं कोपर असं घट्ट धरलेलं, जशी काही चोरच पकडून नेतेय. फाटकाशी चौकीदार होता. थोरलीनं त्याला गाठलंच. "इथं माहिती सांगणारं कुणी असतं का हो?"

"असतं ना. फुकट असते सहल. येतीलच एवढ्यात. ते हातातली छत्री उंच धरतात, त्या छत्रीमागं जायचं बस."

"ऐकलंस? फुकट," थोरली म्हणाली.

आत आल्याबरोबर गारवा जाणवला. मोठमोठी झाडं असावीत, कारण उजेड टोचायचा थांबला. धाकटीला दिसत होते ते नुसते करडे ठोकळे, कुठं उंच, कुठं आडवे, आणि त्यांच्यावर हिरवट काहीतरी. एका ठोकळ्यापाशी थोरली थांबली.

"हा घड्याळजी. याला त्याच्या घड्याळासकट पुरलाय. चालू घड्याळ. मी असाच एक पाहिला होता, कान लावला दगडाला, तर आत टिकटिक."

"नाव वाचलंत का याचं?"

"नाव कशाला वाचायचं? दगडाच्या तोंडावरून कळतं. तर तो दुसरा घड्याळजी, त्याचं घड्याळ पाच मिनिटं पुढं होतं. मी आपलं माझं लावून घेतलं त्यावरून. तेव्हापासून मी कधी गाडी चुकले नाही."

थोरलीचा चष्मा पिशवीतच असायचा. लांबचं मला दिसतं आणि जवळच्याला मी ओळखते, असं तिचं म्हणणं. थोडक्यात, एकीला थेंबांमुळं दिसत नव्हतं आणि दुसरीला ताठ्यामुळं.

पुढं एक वकील होता, उभ्यानं पुरलेला; खाली बसलो तर केस हरल्यासारखं दिसेल म्हणाला. त्याच्या पलीकडं दोघे भाऊ, जन्मभर भांडलेले, मधे भिंत घालून ठेवलेले; ती भिंत दर वर्षी ज्याची बाजू खरी त्याच्याकडं कलते. एरवी धाकटी हसली असती. आज तिचं लक्षच नव्हतं. समोर लोखंडी कठडा असावा. ती त्याचे गज सरळ दिसतात का वाकडे, ते बघायला धडपडत होती. पण थेंबांनी सगळंच पुसून टाकलेलं. वाकडंही दिसेना, सरळही दिसेना.

"बसू या जरा," ती म्हणाली.

बाकावर बसल्यावर तिनं मनाशी घोळवलेलं बोलूनच टाकलं. "जाऊबाई, दुपारी मॅडम काय सांगतील ते मला जसंच्या तसं कळलं पाहिजे."

"मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच सांगतेय."

दोघींनाही कळलं कशाबद्दल चाललंय. धाकटीचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा थोरलीच बाहेर येऊन म्हणाली होती, "चहा मागतोय तो. आण जा." धाकटी धावत खाली गेली, गरम चहा घेतला, सांडू नये म्हणून वर बशी झाकून जिना चढली. आत जाऊन बघते तर तोंडावर चादर. थोरलीला काय, ते चार क्षण पुढं ढकलायचे होते. पण तो कप हातात घेऊन धाकटी जी उभी राहिली होती, ती मनातल्या मनात अजून तिथंच उभी होती.

"त्या वेळी मला सुचलं नाही दुसरं," थोरली हळूच म्हणाली. मग लगेच आवाज चढवून, "ऊठ, ऊठ! छत्री आली बघ!"

लांबून एक काळी छत्री येत होती. मिटलेली, उंच धरलेली. तिच्यामागं सात-आठ माणसं, सावकाश, शिस्तीत. थोरली धाकटीला ओढत निघाली आणि दोघी शेपटाला जाऊन मिळाल्या.

छत्रीवाला पुढं काहीतरी सांगत होता, पण अगदी हळू आवाजात.

"जरा मोठ्यानं बोला की!" थोरली ओरडली. "मागं ऐकू येत नाही!"

पुढची डोकी वळली. कुणीतरी कुजबुजलं, आणि लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. एका बाप्यानं तर धाकटीचा काळा चष्मा, गालावरून वाहणारं पाणी पाहून तिला हाताला धरून पुढं घेतलं. "या, पुढं या तुम्ही."

"बघ, किती सभ्य माणसं असतात मोठ्या शहरात," थोरली म्हणाली. मग त्या बाप्याला, "किती दाखवणार हो आज?"

"काय किती?"

"थडगी हो."

तो बाप्या गोंधळला. "एकच."

"एकच? एवढ्या लांबून आलो आम्ही!"

"फार बरं केलंत आलात ते," तो म्हणाला, आणि त्यानं चक्क नाक पुसलं.

धाकटीला दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. जुन्या दगडांना शेवाळाचा वास येतो. इथं नुकत्याच उकरलेल्या ओल्या मातीचा वास येत होता. ती थोरलीच्या कानाशी लागली.

"जाऊबाई, हे ताजं आहे."

"काय ताजं?"

"मयत. ही सहल नाही. आपण कुणाच्या तरी मातीला आलोय."

थोरलीनं डोळे बारीक करून पाहिलं. समोर लांबट पेटी, तिच्यावर फुलं, बाजूला मातीचा ढीग. मग ती म्हणाली, "आता वळलो तर वाईट दिसेल."

"आणि थांबलो तर?"

"थांबलो तर नुसतं खोटं दिसेल. ते चालतं."

मागं माणसं होती, पुढं खड्डा. ओळख ना पाळख, आणि आपण पहिल्या रांगेत! आता कुणीतरी विचारणार, तुम्ही कोण? मग सगळ्यांसमोर शोभा. आणि डोळ्यांतलं पाणी तर खळत नव्हतं. ती पुसायची, ते आणखी यायचं. तिनं आजूबाजूला कान दिला. कुणी हुंदका देत नव्हतं. कुणी साधं नाकसुद्धा ओढत नव्हतं, त्या एका बाप्याशिवाय, आणि त्यालाही सर्दीच असावी. सगळ्या मयतीत रडत होती ती एकटी.

छत्रीवाला आता जरा मोठ्यानं बोलला. या घराण्याची ही जागा फार जुनी, इथं आता नवं कुणाला ठेवत नाहीत, या घराण्याचीच काय ती एक जागा राखलेली होती, ती आज भरली. मग पेटी खाली गेली. दोऱ्या घासल्याचा आवाज आला. आणि छत्रीवाला धाकटीपुढं येऊन उभा राहिला. "आधी तुम्ही," असं म्हणून त्यानं तिच्या हातात मूठभर माती दिली.

खड्ड्याची कड कुठं आहे ते तिला दिसेना. पुढं टाकलेलं पाऊल जमिनीवर पडेल की त्या माणसाच्या छातीवर, याची खात्री नव्हती. तिनं पाय घासत घासत पुढं नेला. कोपराला मागून थोरलीचा चिमटा होताच. माती सोडली. खाली लाकडावर पडल्याचा पोकळ आवाज झाला आणि धाकटीच्या मनात आलं, माफ करा हो, तुम्ही जे कुणी असाल ते.

बाकीच्यांची माती टाकून झाली. लोक पांगायला लागले. आता निसटावं म्हणून धाकटी वळली, तर एका बाईनं तिचा हात धरला. हात थंड होता, आणि आवाज पन्नाशीच्या आसपासचा.

"मी त्यांची मुलगी," ती म्हणाली. "तुम्हाला ओळखलं नाही मी. पण तुम्ही इतक्या रडताय..."

"फार मोठं मन होतं हो त्यांचं," मागून थोरली.

"मन?" मुलगी म्हणाली. "बाबांचं?"

धाकटीनं थोरलीच्या पायावर पाय दिला. तो थोरलीचा नव्हता, छत्रीवाल्याचा निघाला. थोरली आता सुटलीच होती.

"तुमचे बाबा म्हणजे... ते आपले..." ती दाणे टाकत होती, कोंबडी येते का बघायला.

"परवान्याच्या कचेरीत होते ते," मुलगी म्हणाली. "घराला माडी चढवायची, दुकान काढायचं, काहीही असो, अर्ज त्यांच्याकडं जायचा. सगळ्यांना नाही म्हणायचे. तीच सवय घरी आणली. सहलीला जाऊ? नाही. मैत्रीण आणू? नाही. माझ्या लग्नालासुद्धा नाहीच म्हणाले. मी आपलं केलं. म्हणून तर बघा, किती जण आलेत ते."

"आम्हाला मात्र हो म्हणाले," थोरली म्हणाली.

धाकटीनं मागं हात नेऊन थोरलीचा पदर ओढला.

"हो ना! ही माझी धाकटी जाऊ, रफूचं काम करते. खोलीत उजेड नाही, डोळे चालले. भिंतीत खिडकी पाडायची होती. अर्ज केला, तर तुमचे बाबा स्वतः बघायला आले. भर पावसात! भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, इथं नको, इथं पाडा, इथं ऊन जास्त येईल. आणि जागच्या जागी हो म्हणाले. हसून."

"हसून," मुलगी म्हणाली.

"अगदी दात दिसतील असं."

चेहरे दिसत नसले की माणूस हातांवरून वाचायला लागतो. धाकटीच्या हातातला तो थंड हात आधी घट्ट झाला आणि मग एकदम सैल पडला, धागा तुटल्यावर कापड पडतं तसा.

"म्हणजे," मुलगी फार हळू आवाजात म्हणाली, "हो म्हणता येत होतं त्यांना."

थोरलीला वाटलं, छान काम झालं. ती आणखी काही सांगणार, भिंतीत बहुतेक आणखी एक खिडकी पाडणार, तेवढ्यात धाकटी बोलली.

"नाही. खोटं आहे ते."

"अगं..."

"तुम्ही गप्प बसा जाऊबाई." एवढ्या वर्षांत हे वाक्य ती पहिल्यांदा बोलत होती. "बाई, आम्ही तुमच्या वडलांना ओळखत नाही. कधी बघितलं नाही. आम्ही परगावच्या. दवाखान्यात आलोय, दुपारपर्यंत वेळ होता म्हणून हे जुनं कबरस्तान बघायला आलो. सहलवाल्याची छत्री समजून तुमच्या छत्रीमागं आलो. खिडकी नाही, पाऊस नाही, काही नाही. आणि हे..." तिनं चष्मा वर केला, उजेड भाल्यासारखा आत घुसला, "हे रडणं नाही. डोळ्यात थेंब घातलेत. कुणीही असतं तरी वाहिलंच असतं."

धाकटीला समोर दिसत होता एक फिकट डाग, त्याला ना डोळे ना तोंड. आता ही ओरडणार. आता चौकीदाराला बोलावणार. बापाच्या मातीला येऊन चेष्टा करता म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. मग त्या डागातून एक आवाज आला, घशात अडकलेला, तुटक तुटक. हसणं का रडणं, काही कळेना.

"काय करतेय ती?" धाकटीनं थोरलीला विचारलं.

"हसतेय."

"खरं सांगा!"

"अगं हसतेय गं! तुझी शपथ!"

"खरंच हसतेय मी," मुलगी म्हणाली. तिनं दम घेतला. "तुम्हाला माहीत नाही काय झालं होतं माझं. मघापासून बघतेय, कोणी परकी बाई बाबांसाठी इतकी रडतेय आणि मला एक टिपूस येत नाही. वाटलं, बाहेर कुणाशी तरी वागले असतील नीट. मलाच काय झालं होतं? मीच काय वाईट होते?"

"नाही हो."

"सगळ्यांना सारखेच होते तर," मुलगी म्हणाली. "बरं वाटलं." आणि जरा वेळानं, "हे बरं वाटण्यासारखं नाही, पण वाटलं."

तिनं आपल्या रुमालानं धाकटीचे गाल टिपले, डोळ्यांना न लागता, जपून. "डोळ्यांना काय झालंय?"

"तेच दुपारी सांगणार आहेत."

"भीती वाटते?"

"फार," धाकटी म्हणाली. दोन महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. घरात थोरली विचारायची नाही, कारण उत्तर आलं तर पुढं थाप मारायला जागा उरत नाही.

"या हं मग," मुलगी म्हणाली. "छत्री बघून या."

परत जाताना थोरली फुरंगटलेली. झाडाखालून, दगडांमधून चालली, पण एकाही दगडाची गोष्ट सांगितली नाही. खरी सहल समोरून आली, मोठी रंगीत छत्री, पन्नास माणसं, सांगणारा खणखणीत आवाजाचा. ती थांबलीसुद्धा नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नंबर लागायची वाट बघत बसल्या. एकेक जण आत जायचं आणि बाहेर यायचं. चपलांचा आवाज आत जाताना एक असायचा, येताना दुसरा. तिची हाक झाली. थोरली उठली.

"तुम्ही बसा," धाकटी म्हणाली. "मी एकटी जाते."

"आणि मी? मी कशाला आले मग एवढ्या लांब?"

"रस्ता ओलांडायला."

थोरली परत बाकावर टेकली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाजावरून. "बरोबर कुणी नाही?"

"आहे बाहेर. मला सांगा. गोड करू नका."

त्यांनी गोड केलं नाही. डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, तो परत येणार नाही. उजव्यातही सुरुवात झालीय. इंजेक्शनं घेतली तर आहे ते बरेच दिवस टिकेल. चालता-फिरता येईल, स्वयंपाक होईल, माणसं ओळखू येतील.

"आणि सुई?"

"काय काम करता?"

"रफू. काळ्या कोटावर काळा धागा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "नाही. ते आता नाही होणार."

"थोडं थोडं? भर उन्हात बसून?"

"नाही बाई."

धाकटीनं मान हलवली. काय विचित्र, भीती होती तिथंच होती, पण गरगर फिरायची थांबली होती. तिनं पहिलं इंजेक्शन कधी ते नीट विचारून घेतलं, दोनदा वदवून घेतलं, डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बरं झालं सांगितलंत," आणि भिंतीला हात लावत दाराशी आली.

थोरली बाकावर नव्हती. दाराला नाक लावून उभी होती. दार उघडलं तर जवळजवळ आत पडली.

"काय म्हणाल्या?"

धाकटीनं तोंड उघडलं. खरं तयार होतं, चार शब्दांत मावेल असं. तेवढ्यात थोरलीचा हात तिच्या कोपराला लागला. रस्ता ओलांडताना चोर पकडल्यासारखा धरणारा तो हात आता तिच्यावरच भार टाकून होता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. थोरली म्हातारी झालीय, हे धाकटीला चांगल्या डोळ्यांनी कधी दिसलं नव्हतं.

"म्हणाल्या," धाकटी म्हणाली, "असे डोळे त्यांनी कधी बघितलेच नाहीत."

थोरलीनं कोपर सोडलं नाही.

"म्हणाल्या, फार... फार चांगले आहेत."

थाप मारणं हे तिनं जन्मात कधी केलेलं काम नव्हतं. दोघी चालायला लागल्या. व्हरांड्याच्या टोकाशी जिना होता. थोरलीनं दोनदा खाकरून घसा साफ केला.

"एकट्याच होत्या मॅडम?"

"हो."

"एकटीनं भागत नाही. आणखी दोन डॉक्टर बोलाव."

"दोन?"

"म्हातारे घे. दाढीवाले."

"आले," धाकटी म्हणाली. "दोघं. दाढीवाले."

"मग? काय केलं त्यांनी?"

"बघितलं डोळ्यात."

"नुसतं बघितलं?"

"बघितलं आणि..." धाकटीनं शोधलं, खूप शोधलं. "आणि खुर्चीतून उठून उभे राहिले."

"हं," थोरली म्हणाली. "उभे राहिले, हे चांगलंय. जपून, इथून खाली आहे."

धाकटीनं पाय पुढं करून अंदाज घेतला आणि पहिली पायरी उतरली.

"उभे राहिले," थोरली म्हणाली. "मग?"